मोठ्या अक्षरांची बॅग

धाकटीचं मन तसं मेणाचं. रस्त्यात मांजर लंगडताना दिसलं तरी तिला जेवण गोड लागायचं नाही. रोज सकाळी भाजी चिरताना ती मोबाईलवर प्रवचन लावायची, आणि प्रवचनकार बोलता बोलता गायला लागले की कांद्याचं निमित्त करून चार टिपं गाळून घ्यायची. मन हलकं व्हायचं, भाजीही चिरून व्हायची. पण गेल्या वर्षभरात एक गोष्ट बदलली होती. प्रवचनात क्षमेचा विषय निघाला की तिचं ओलं बोट आपोआप पडद्यावर जायचं आणि तेवढा भाग ती पुढे ढकलायची. देवाचं सगळं तिला मान्य होतं, एवढं एक सोडून.

कारण होती थोरली जाऊ.

थोरल्या दिरांच्या निवृत्तीचं जेवण होतं तेव्हाची गोष्ट. धाकटीने नुकतंच आपलं भेटवस्तूंचं दुकान बंद केलं होतं. छोटंसं, कोपऱ्यावरचं, फुलदाण्या आणि फोटोच्या चौकटी विकणारं दुकान. बंद झालं त्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त धास्ती होती नातेवाइकांच्या चौकशांची. चारचौघांत मान वर राहावी म्हणून तिने एक बॅग घेतली. नावाजलेल्या कंपनीची, खऱ्या चामड्याची, पण शहराबाहेरच्या आउटलेटमधून. तिथे मोठ्या कंपन्यांचा मागे राहिलेला माल उतरत्या किमतीत मिळतो, एवढंच तेव्हा तिला ठाऊक होतं. बॅग खांद्याला लावून ती हॉलमध्ये शिरली आणि तिला खरंच बरं वाटलं.

थोरलीने ती लांबूनच हेरली. बघू बघू म्हणत हातातून ओढून घेतली. त्यात नवल काही नव्हतं. धाकटी या घरात आल्यापासून थोरलीने तिच्या हातातून वस्तू ओढूनच घेतल्या होत्या. उन्हाची खोली घेतली, सासूबाईंनी धाकटीसाठी काढून ठेवलेली शाल घेतली, एकदा तर ताटातला शेवटचा घासही घेतला, तुला नको असेल ना म्हणून. धाकटी दर वेळी मूग गिळून बसायची. पण त्या दिवशी थोरलीने बॅगचा आतला कप्पा उलटा केला, कडेला शिवलेलं लेबल बाहेर काढलं आणि दिव्यासमोर धरलं. लेबलाला बारीक भोक होतं. कारखान्याच्या तपासणीत नाकारलेल्या मालाला असं भोक पाडतात, हे तिने कुणाकडून तरी नुकतंच ऐकलेलं होतं, आणि ऐकलेलं वापरायला ती संधीच शोधत होती.

"अगं बाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "ही तर नापास बॅग. दुकान नापास, बॅग नापास. धाकटे, तुझं पास काय झालंय ते तरी सांग."

सगळे हसले. आत्या हसल्या, मामा हसले, थोरल्या दिरांच्या ऑफिसातले ज्यांना धाकटी कोण हेही माहीत नव्हतं तेसुद्धा हसले. तेही तिने पचवलं असतं. पण तिच्या शेजारी बसलेला तिचा नवरा हसला. घरी गेल्यावर तो म्हणाला, अगं, सगळे हसत होते म्हणून मीही हसलो. तेच तर तिच्या जिव्हारी लागलं होतं.

माणूस दुखावलं की कुणी रडतं, कुणी भांडतं. धाकटी बस पकडून आउटलेटला गेली.

पहिल्यांदा गेली ती फक्त आपण कुठे फसलो हे बघायला. पुढे जातच राहिली. मोठ्या रस्त्याच्या कडेला गोदामांसारख्या दुकानांची लांब रांग, पुढे मोकळं पटांगण, आत थंडगार हवा आणि नव्या चामड्याचा वास. सुट्टीच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसायची, म्हणून ती आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळीच जायची. तेव्हा नवा माल नुकताच मांडलेला असतो आणि विकणाऱ्या मुलींना बोलायला सवड असते. खरेदी करायची नाही, नुसतं बघायचं, असा तिने कानाला खडा लावला होता.

हळूहळू तिला समजत गेलं. चिठ्ठीवर काट मारलेली मोठी किंमत ही एक गोष्ट असते, कुणीतरी रचलेली. ती वाचायचीच नाही. काही बॅगा मुख्य दुकानातून आलेल्या असतात, मागच्या हंगामातल्या. त्यांचा रंग जुना वाटेल, पण जीव पक्का. काही मुळात आउटलेटसाठीच बनवलेल्या असतात. नाव तेच, अक्षरं उलट अधिक मोठी, पण चामडं पातळ आणि टाका विरळ. त्यांना भोक नसतं, कारण त्या कुठल्याच तपासणीत नापास झालेल्या नसतात. जशा बनवायच्या ठरल्या तशाच बनलेल्या असतात. तेव्हा लेबल बघून भागत नाही. पट्टा जिथे बॅगेला जोडलेला असतो तिथे नख घालून बघायचं. चेन कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणायची. आत नाक खुपसून वास घ्यायचा, चामड्याचा येतो की गोंदाचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्वतःचं सामान त्या बॅगेत भरून, खांद्याला लावून, आरशासमोरून दोन फेऱ्या मारायच्या. रिकामी बॅग कुणालाही शोभते. तिची परीक्षा ओझं घेतल्यावर.

हे झालं बॅगांचं. माणसांचं ज्ञान धाकटीकडे आधीपासूनच होतं, दुकान चालवताना कमावलेलं. तिथे तिला एक गोष्ट दिसली होती. गिऱ्हाईक वस्तूला भुलत नाही, दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हाताला भुलतं. जी फुलदाणी महिनोन्महिने धूळ खात पडलेली असायची, तीच कुणी उचलून कौतुकाने न्याहाळली की मागून दुसरीचा हात आलाच. धाकटी मग संध्याकाळी नवऱ्यालाच एखादी फुलदाणी देऊन दारापाशी उभं करायची, आणि तो बिचारा लग्नाचा फोटो काढायला उभा राहिल्यासारखा ती छातीशी धरून उभा राहायचा. फुलदाणी जायची. दुकान शेवटी चाललं नाही ते वेगळ्या कारणांनी. ही युक्ती मात्र कधी फसली नव्हती.

आणि एक दिवस थोरलीचा फोन आला.

चिमूचं लग्न ठरलं होतं. चिमू म्हणजे थोरलीची एकुलती एक मुलगी, पण वाढली अर्धी काकूच्या मांडीवर. थोरली नोकरीला जायची तेव्हा चिमूची वेणी, डबा, पाढे, ताप, सगळं धाकटीने केलं होतं. तिच्या आनंदाने धाकटीचे डोळे भरले. पुढचं ऐकून ते कोरडे झाले. दोन्ही घरांचं एकत्र जेवण ठरलं होतं, दुपारी, एका चांगल्या हॉटेलात. विहीणबाई मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका, कडक आणि चोखंदळ. त्यांना भेट म्हणून एक बॅग द्यायची होती आणि थोरलीला स्वतःलाही एक हवी होती. तू म्हणे हल्ली यातली तज्ज्ञ झालीस, थोरली म्हणाली, तर चल माझ्याबरोबर, मात्र भोकाबिकाची नको हं. आणि स्वतःच्याच विनोदावर हसली.

धाकटी गोड आवाजात हो म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने देवाच्या तसबिरीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

तिने मनाशी नीट वाटणी केली. विहीणबाईंची बॅग अस्सल हवी. तिथे चिमूला आयुष्य काढायचंय, तिथे दगाफटका नाही. थोरलीची मात्र अशी हवी की भर पंगतीत, विहिणीसमोर, तिचा पट्टा तुटावा. तेव्हा आपण काही बोलायचं नाही. शेजारी बसून फक्त हसायचं, सगळे हसतात म्हणून.

आउटलेटमध्ये तिने आधी विहीणबाईंची बॅग काढली. राखाडी रंगाची, साधी, नाव शोधावं लागेल इतकं बारीक. मागच्या हंगामातली, पण मुख्य दुकानातून आलेली. आतून बाहेरून दुहेरी शिवण, पट्ट्याला नख लागत नव्हतं, अस्तर गुळगुळीत. थोरलीने नाक मुरडलं. शाळेच्या दप्तरासारखी आहे, म्हणाली. धाकटीने समजावलं की बाईंना वह्यांचं ओझं नेण्याची सवय, त्यांना अशीच आवडेल. बरं, तू म्हणतेस तर, असं म्हणून थोरलीने ती टोपलीत टाकली.

मग धाकटी एकटीच पलीकडच्या रांगेत गेली. तिथे ती गडद लाल बॅग होती. गेल्या खेपेला पाहून ठेवलेली. काय तिचा तोरा. पुढे हाताएवढं सोनेरी बक्कल, त्याखाली कंपनीचं नाव रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. पट्ट्याची कडी ज्या चामड्याच्या जिभेला अडकवलेली, ती जीभ मात्र नुसती गोंदाने चिकटवलेली. वर दिसायला टाके होते, पण ते वरच्याच थरात, शोभेपुरते. धाकटीने नख सरकवलं. आत गेलं.

तिने ती बॅग उचलली. छातीशी धरली. आरशासमोर उभी राहून उगाच मान वाकडी केली, बक्कलावरून बोटं फिरवली, आणि एक सुस्कारा सोडला. त्या सुस्काऱ्यात तिचं सगळं दुकान होतं.

मागून हात आलाच.

"बघू," थोरली म्हणाली, आणि बॅग गेली. तिने आधी आतल्या कप्प्यातलं लेबल ओढून दिव्याकडे धरलं. भोक नव्हतं. परीक्षा संपली. तिने चिठ्ठीवरची काट मारलेली किंमत वाचली आणि तिचे डोळे मोठे झाले. धाकटी अगदी हळू आवाजात म्हणाली की ती माझ्या मनात होती. हे खोटं नव्हतं. गेले कित्येक दिवस ती बॅग तिच्या मनातच होती.

"तुझ्याकडे आहे की एक," थोरली म्हणाली. "ही मी घेते."

पैसे देताना विकणाऱ्या मुलीने सांगितलं की उतरत्या किमतीतला माल परत घेतला जाणार नाही. थोरली म्हणाली, परत कोण देतंय. धाकटी खिडकीबाहेर बघत होती. तिला वाटलं, आपल्या चेहऱ्यावर आत्ता जे काही आहे ते कुणी बघू नये.

जेवणाच्या दिवशी ती आवरून लवकर पोचली. हॉटेलचा हॉल उजेडाचा, पांढऱ्या कापडांची लांब टेबलं, मधोमध फुलं. विहीणबाई खरंच कडक होत्या. ताठ बसलेल्या, कमी बोलणाऱ्या, समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत ऐकणाऱ्या. व्याही मात्र भोळे. सूप आलं तेव्हा त्यांच्याच जागी चमचा नव्हता. त्यांनी इकडे तिकडे शोधला, रुमालाखाली बघितला, शेवटी ओशाळून वाढप्याकडे मागितला. धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरली फुलांकडे बघत होती.

हॉटेलातून रिकाम्या हाताने परतायचं नाही, हा थोरलीचा जुना नेम. घरात सगळ्यांना माहीत होता, कुणी बोलत नव्हतं.

धाकटी लाल बॅग शोधत होती. थोरलीच्या खुर्चीला बॅग होती, पण अर्धी टेबलाच्या कापडाआड. तेवढ्यात थोरलीने मोठं खोकं उचललं आणि दोन्ही हातांनी विहीणबाईंपुढे धरलं. आमच्याकडून छोटीशी भेट. विहीणबाईंनी झाकण काढलं, आतलं कापड बाजूला केलं.

आतून बक्कल चमकलं. मोठी अक्षरं साऱ्या टेबलाला वाचता आली.

 धाकटी वाकली, टेबलाच्या कापडाखालून पाहिलं. थोरलीच्या खुर्चीला राखाडी बॅग लटकत होती, गच्च भरलेली.

कुणीतरी वा वा म्हणालं. विहीणबाईंनी आभार मानले, बॅग खांद्याला लावून पाहिली आणि म्हणाल्या की सोमवारपासून शाळेत हीच नेईन. धाकटीला पुढचं सगळं दिसलं. शाळेचं फाटक, वह्यांचे गठ्ठे, तुटलेला पट्टा, मुलांचा गलका. आणि ही बाई कुणाला काही बोलणार नाही. फक्त लक्षात ठेवेल. चिमूच्या प्रत्येक स्वयंपाकात, प्रत्येक उत्तरात तिला ती चिकटवलेली जीभ दिसत राहील. टेबलापलीकडे चिमू सासूच्या खांद्यावरची बॅग बघून लहान मुलीसारखी हसत होती.

धाकटी उठली. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, पण तोंड उघडलं तेव्हा आवाज दुकानातला निघाला, गिऱ्हाइकाला समजावणारा, मऊ.

"ताई, अहो घोटाळा झाला की. खोकी बदलली. विहीणबाईंसाठी काढलेली तुमच्याच खुर्चीला राहिलीय."

थोरलीने तिच्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर खाली बसली असती. मुद्दाम बदलली असं चारचौघांत सांगता येईना, घोटाळा झाला असंही म्हणवेना. असू दे, ती म्हणाली, हीच छान आहे. विहीणबाईही म्हणाल्या, राहू द्या. पण धाकटी एव्हाना टेबलाला वळसा घालून आली होती. तिने विहीणबाईंना सांगितलं की तुम्हाला वह्या न्यायच्या असतात, ताईंनी म्हणूनच राखाडी पसंत केली होती, तिच्या पट्ट्याला दुहेरी शिवण आहे, ओझं पेलते. थोरली म्हणाली, बरं, मग घरी गेल्यावर बदलून पाठवते.

"आत्ताच बदलू की," धाकटी म्हणाली आणि राखाडी बॅग खुर्चीवरून काढून हातात घेतली. थोरलीचा हात पुढे आला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो रिकामा राहिला.

इथे जरा थांबायला हवं. धाकटीला माहीत होतं की बॅगेत काय असणार. बॅग घेऊन बाजूच्या रिकाम्या टेबलाशी जावं, पाठ करून एकेक वस्तू काढावी, एवढी जागा होती, एवढा वेळ होता. लालमधलं कापड काढून सामान हळूच त्यात घालता आलं असतं. चिमू तर वाचलीच होती. देवाने तिला दार उघडून दिलं होतं, आणि त्यातून गुपचूप बाहेर पडणं एवढंच उरलं होतं.

तिने बॅग टेबलावर उपडी केली.

किल्ल्या पडल्या, कंगवा, बामाची बाटली, चष्म्याचं घर. त्यावर साखरेच्या पुड्यांचा पाऊस. मग मिठाच्या, मिऱ्याच्या पुड्या. कागदी रुमालांची थप्पी. चंदेरी कागदातल्या लोण्याच्या वड्या, एक मऊ पडलेली. आणि सगळ्यात शेवटी, टणकन, हॉटेलचं चिन्ह असलेला चमचा.

टेबलावर कुणी हसलं नाही. हसला तो एकटा धाकटीचा नवरा, आणि आपण एकटेच हसतोय हे लक्षात आल्यावर त्याचं हसू अर्ध्यात अडकलं. तो ते गिळायलाही विसरला.

विहीणबाईंनी हात लांब करून चमचा उचलला, रुमालाने पुसला आणि नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"अहो, तुमचा चमचा सापडला," त्या म्हणाल्या.

झालं. बाकी काही नाही. मग त्यांनी राखाडी बॅग जवळ घेतली, पट्टा ओढून पाहिला, आत वास घेतला, आणि धाकटीकडे बघून किंचित मान हलवली. थोरली मान खाली घालून बसली होती. तिचे कान लाल झाले होते. हेच धाकटीला हवं होतं. वर्षभर तिने हा चेहरा मनात रंगवला होता आणि तो जसाच्या तसा समोर होता. छातीत काहीतरी गरम, गोड पसरलं. तिने तो घोट चवीने घेतला. खोटं कशाला सांगायचं, फार बरं वाटलं.

मग तिला चिमू दिसली. चिमू खाली वाकून साखरेच्या पुड्या गोळा करत होती, एकेक, आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. लहानपणी पडल्यावर रडू दाबायची तेव्हा व्हायचा तसा.

हात धुवायच्या जागी चिमूने तिला गाठलं. भांडायला आली नव्हती. नळ सोडून, पाण्याकडे बघत बोलली.

"काकू, तू ती हळूच रिकामी करू शकली असतीस."

धाकटीने हात पाण्याखाली धरले.

"आईच्या बॅगेत काय असतं ते तुला माहीत आहे. मलाही आहे. शाळेपासून. म्हणून मी कधी कुणाला तिची बॅग उघडू देत नाही."

तिने नळ बंद केला, काकूच्या हातात स्वतःचा रुमाल दिला आणि बाहेर गेली. रुमाल दिला, हे धाकटीला फार लागलं. चिडली असती तर बरं झालं असतं.

निघायच्या वेळी सगळे हॉटेलच्या पायऱ्यांवर आले. विहीणबाई राखाडी बॅग घेऊन गाडीत बसल्यासुद्धा. थोरली मागून एकटीच उतरत होती, खांद्याला ती लाल बॅग, आत सगळं सामान कोंबलेलं. धाकटी एक पायरी मागे होती. उन्हात तिला स्पष्ट दिसलं, कडीखालची चामड्याची जीभ एका बाजूने उचलली जात होती. गोंदाची पिवळट रेघ उघडी पडत होती. हे दृश्यही तिने कितीदा तरी मनात रंगवलं होतं. गाडीतून विहीणबाई इकडेच बघत होत्या. तिने फक्त चालत राहायचं होतं.

ती जीभ तिने आणखी थोडी उचलली जाऊ दिली. तेवढी तिने स्वतःला मुभा दिली. मग तिचा हात पुढे गेला, आणि पट्टा सुटला तेव्हा बॅग तिच्या तळव्यावर आली. तिने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली, आरशासमोर धरली होती तशीच. लांबून बघणाऱ्याला वाटावं, धाकटी जाऊ मोठीचं ओझं घेतेय.

थोरलीने लोंबणारा पट्टा पाहिला. मग धाकटीचा चेहरा.

"तुला माहीत होतं."

"हो."

"दुकानातच?"

"दुकानातच. तुम्ही विचारलं नाहीत. ओढून घेतलीत."

 धाकटीला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटेल, आणि त्यासाठी ती तयार होती. पण थोरली बोलली ती हळूच, जवळजवळ स्वतःशी.

"मला ती फार आवडली होती गं. म्हणून तर बदलली. म्हटलं, चिमूच्या सासूला आपल्याला आवडलेली द्यावी." तिने नाक ओढलं. "एकदाच काय ते द्यायला गेले."

 दोघी गाडीकडे चालू लागल्या. बॅग धाकटीच्याच हातात राहिली, जड होती, पण थोरलीने मागितली नाही आणि तिने दिली नाही.

"ते नापासचं," थोरली गाडीच्या दाराशी म्हणाली. "त्याचंच ना हे?"

"त्याचंच."

"फिटलं?"

धाकटीने विचार केला. खरं सांगायचं तर कालपर्यंत उत्तर तयार होतं.

"चमच्याने जरा जास्तच झालं," ती म्हणाली. "पट्ट्याचं बरोबर होतं."

थोरलीने तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग तिने लाल बॅगेत हात घातला, चाचपलं, आणि साखरेची एक पुडी काढून धाकटीच्या तळहातावर ठेवली. गाडीत बसली आणि दार ओढून घेतलं.

संध्याकाळी दिवे लागल्यावर धाकटी देवापुढे बसली. साखरेची पुडी समोर ठेवली. आज प्रवचन लावलं नाही, कारण आज क्षमेचा भाग आला असता तर तो पुढे ढकलायचं बळ तिच्या बोटात नव्हतं. हात जोडून तिने चिमूची माफी मागितली, पुड्या वेचणाऱ्या त्या लाल नाकाची. बॅग उपडी केल्याची मागितली. चमच्याची मागितली, आणि मागता मागता 'अहो, तुमचा चमचा सापडला' आठवून तिला असं हसू फुटलं की स्वयंपाकघरातून नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं. काही नाही, ती म्हणाली, तू नको हसूस.

मग पुन्हा हात जोडले. पट्ट्याबद्दल मात्र ती काही बोलली नाही. देवाने आपणहून विषय काढला असता, तर तिने सगळं खरं सांगितलं असतं. त्याने काढला नाही.